हाफ क्लचचं भवितव्य

माझी नोकरी भविष्य सांगण्याची आहे. पोपट आणि पाकिटांऐवजी लॅपटॉप आहे, एवढाच फरक. विजेवर चालणाऱ्या मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीच्या लोअर परळच्या ऑफिसात मी बसते आणि येत्या काही वर्षांत आमच्या गाड्या कोण घेणार, का घेणार आणि कोणी घेतल्याच नाहीत तर काय सांगायचं, याच्या स्लाइड बनवते. ऑफिस आहे तिथे पूर्वी गिरणी होती. माझे आजोबा त्याच आवारात साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. त्यांना पुढे काय होणार हे कोणी विचारलं नाही. मला दर तिमाहीला विचारतात आणि दर तिमाहीला माझं चुकतं. साहेब म्हणतात, काळजी करू नकोस, एक भविष्य चुकलं तर दुसरं बनवू.

साहेबांचं एक लाडकं चित्र आहे. मधोमध आमची गाडी, तिच्यातून चहूकडे निघालेले बाण आणि प्रत्येक बाणाच्या टोकाला एक धंदा, जो आमच्यामुळे बदलणार. सायलेन्सरवाले, ऑइलवाले, रेडिएटरवाले, पेट्रोलपंपवाले, क्लचप्लेटवाले. साहेब ते चित्र इतक्या प्रेमाने दाखवतात, की ज्यांचा धंदा बसणार तेसुद्धा टाळ्या वाजवून घरी जातील. मी एकदा खालच्या कोपऱ्यात एक छोटासा बाण काढून पुढे ‘ड्रायव्हिंग स्कूल’ असं लिहिलं. साहेब म्हणाले, "इतक्या बारीक जाऊ नकोस गं. ते लोक आपोआप अ‍ॅडजस्ट होतात."

त्यातलं एक ड्रायव्हिंग स्कूल माझ्या आईचं आहे, आणि आई आपोआप अ‍ॅडजस्ट झाल्याचं आमच्या घरात कोणाला आठवत नाही.

आमच्या लालबागच्या चाळीत जिन्याखाली एक कोनाडा आहे. त्यात एक टेबल, एक खुर्ची आणि आई मावते. विद्यार्थी बाहेर उभा राहतो. हे तिचं ऑफिस. गाडी एकच, पांढरी, बरीच वयस्क, टपावर फलक आणि पुढेमागे तांबडा एल. शिकवणीच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. उजवीकडे शिकणारा बसतो, डावीकडे आई. शिकणाऱ्याचं डोकं चालेनासं झालं की आईचा पाय चालतो. परळच्या इस्पितळांतल्या नर्सा, दादरच्या शिक्षिका, मसाला गल्लीतला एक सतत शिंकणारा मिरचीवाला, असे कितीतरी लोक तिच्या हाताखालून, खरं तर पायाखालून, गेलेत.

आईचा सगळा धर्म दोन शब्दांत मावतो, हाफ क्लच. क्लच पूर्ण दाबला तर इंजिन एकीकडे आणि चाकं दुसरीकडे. एकदम सोडला तर गाडी आचका देऊन बंद. या दोहोंच्या मधे कुठेतरी एक जागा असते, तिथे गाडी नुसती थरथरते, पुढे जात नाही आणि मागेही घसरत नाही. ती जागा पायाला सापडली की माणूस ड्रायव्हर झाला. "दूध वर यायला लागलं की गॅस कसा बारीक करतेस? बंद नाही करत ना? तस्सा पाय," असं ती बायकांना सांगते. ज्या पुरुषांनी आयुष्यात दूध तापवलेलं नाही त्यांना म्हणते, "साहेबापुढे कसे उभे राहता? पूर्ण वाकत नाही, पूर्ण ताठ पण नाही. तसं."

शेवटची परीक्षा डिलाईल रोडच्या पुलावर. सकाळी सकाळी, रस्ता मोकळा असताना, गाडी चढावर उभी करायला लावायची. मग आई खाली उतरते, मागच्या चाकामागे एक लिंबू ठेवते आणि फुटपाथवर जाऊन हाताची घडी घालते. आत शिकणारा एकटा. लिंबू न चिरडता गाडी वर नेली तर पास. चिरडलं तर त्याच्या खर्चाने सगळ्या बॅचला सरबत. तिच्या शाळेतून पास झालेला माणूस हिमालयातही गाडी मागे घसरू देणार नाही, असं चाळीत बोललं जातं. हिमालयात अजून कोणी गेलेलं नाही, पण परळच्या पुलावर आईचे विद्यार्थी दुरून ओळखू येतात हे खरं आहे.

आता या शाळेला उतरती कळा लागलीय. नव्या मुली येतात आणि सांगतात, "बाई, आमच्याकडे ऑटोमॅटिक आहे. क्लचबिच नका शिकवू, टाइम वेस्ट." आई विचारते, "मग माझ्याकडे काय आरती म्हणायला आलीस?" मुलगी हसते आणि दुसऱ्या दिवसापासून येत नाही. संध्याकाळची बॅच बंद पडली. सकाळची होती, तीही कधी भरलेली, कधी अर्धी.

एका संध्याकाळी कोलंबी सोलता सोलता आईने मला स्पष्ट सांगितलं, "तुमची गाडी चालली की माझी शाळा गेली. सरळ आहे. वाईट वाटून घेऊ नको, पण तुमची कंपनी बुडावी असं मला वाटतं."

"आई, माझा पगार तिथून येतो."

"तेच ना! म्हणून गणपतीला सांगताना पंचाईत होते. बुडू दे म्हणते, पण आधी हिला दुसरीकडे लागू दे, म्हणते. आता तो काय ते बघेल."

तेव्हापासून आमच्याकडे एक विधी सुरू झाला. मी ऑफिसातून घरी आले की आई पाण्याचा तांब्या हातात देत, आवाज खाली आणून विचारायची, "कशी आहे?" नात्यातल्या कोणा आजारी म्हातारीची चौकशी करावी तसं. मी म्हणायचे, "आज जरा बरी आहे. कुठूनतरी मोठी ऑर्डर आलीय." आई उसासा टाकायची. मी म्हणायचे, "बॅटरीचे भाव चढले म्हणून सगळे टेन्शनमध्ये आहेत." की आई लगेच कांदाभजी करायला घ्यायची. आमचं स्वयंपाकघर कंपनीच्या परिस्थितीवर इतकं अवलंबून होतं, की बाबा भज्यांचा वास आला की नोकरीच्या जाहिराती वाचायला घेत, माझ्यासाठी.

बाबा महापालिकेच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेत. मूळ मालवणकडचे. एरवी साधं मराठी बोलतात, पण तापले किंवा खूश झाले की थेट गावी पोचतात. त्यांना जगात दोन गोष्टींचा अभिमान आहे. एक, त्यांचं अक्षर. दुसरी, त्यांचं ड्रायव्हिंग.

दर रविवारी बाबा शाळेची गाडी काढून माहीमला आत्याकडे जातात. ते उजवीकडे, आई डावीकडे, मी मागे. लग्न झाल्यापासूनचा हा नेम आहे. बाबांच्या हातून गाडी कधी बंद पडलेली नाही. सिग्नलला धक्का नाही, टिळक पुलाच्या चढावर एक इंच मागे येणं नाही. "ड्रायव्हिंग हे रक्तात असावं लागतं," असं ते आत्याला चहा पिता पिता सांगतात. आई बशीत बघत राहते.

मी शाळेत होते तेव्हाच मला मागच्या सीटवरून सगळं दिसलं होतं. बाबा गाडीत बसले की आई चप्पल काढून ठेवायची आणि तिचे दोन्ही पाय कामाला लागायचे. बाबा क्लच भलत्याच वेळी सोडायचे, त्याआधी तिने आपल्या बाजूचा दाबलेला असायचा. समोर कोणी आडवं आलं की बाबा घाबरून सगळेच पाय उचलून घ्यायचे आणि ब्रेक आई मारायची. बाबा फक्त स्टिअरिंग फिरवायचे, हॉर्न वाजवायचे आणि बाकीच्या ड्रायव्हरांच्या अकलेबद्दल मत द्यायचे. लायसन्सची चाचणी त्यांनी याच गाडीत, आई शेजारी असताना दिली होती, एवढं सांगितलं की पुरे. चाळीत हे सर्वांना ठाऊक होतं. बाबांना सांगायची हिंमत कोणाची नव्हती, आणि आईला गरज वाटली नव्हती.

एका शनिवारी आई मला घेऊन ऑपेरा हाउसला गेली. तिथे मोटारीच्या सुट्या भागांची दुकानं रांगेने आहेत. आईचा दुकानदार जुना, गुजराती, मराठी आमच्याइतकंच येणारा. त्याने क्लचप्लेट काढून ठेवली आणि मी कुठे कामाला आहे ते कळल्यावर चष्मा कपाळावर चढवला.

"बेन, एक सांगा. तुमच्या गाडीत बिघडतं काय?"

मी अभिमानाने सांगितलं की फारसं काही नाही. हलणारे भागच कमी.

"म्हणजे बेल्ट तुटत नाय? प्लग जळत नाय? ऑइल गळत नाय?" प्रत्येक ‘नाय’ला तो आणखी खचत गेला. "अरे, मग ती गाडी कसली? ज्यात काही बिघडत नाय त्यात माणसाने करायचं काय?"

आई म्हणाली, "क्लच पण नाही तिच्यात."

दुकानदाराने आमच्यासाठी चहा मागवला. दोघं बशीत फुंकर मारत बसले. मला तिथे सांत्वनाला आल्यासारखं वाटत होतं आणि गेलेल्या माणसाला ढकललं मीच, असंही वाटत होतं. निघताना तो म्हणाला, "ताई, तुम्ही आहात तोवर मी ठेवीन क्लचप्लेट. दुसरं कोणी नाय मागितली तरी." आईचे डोळे भरले. तिने नेहमीपेक्षा कमी घासाघीस केली.

आणि मग साहेबांना कल्पना सुचली. विक्री काही उड्या मारत नव्हती. मध्यमवर्गीय कुटुंबं गाडीला हात लावून बघत होती आणि घरी जात होती. तर प्रत्येक कर्मचाऱ्याने आठवडाभर कंपनीची गाडी घरी न्यायची आणि घरच्यांच्या खऱ्या प्रतिक्रिया लिहून आणायच्या. "एकदम खऱ्या हव्यात," साहेब म्हणाले. "पण पॉझिटिव्ह."

मी गाडी चाळीच्या आवारात आणली तेव्हा कोणाला कळलंच नाही. आवाजच नव्हता. कॅरम खेळणाऱ्यांपैकी एकाला आरशाचा धक्का लागला तेव्हा बोंब झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या, गिरणीतून निवृत्त झालेल्या जॉबर काकांनी बॉनेटला कान लावला आणि निदान केलं, "बंद आहे."

"चालू आहे, काका."

"चालू असती तर बोलली असती. हिच्या पोटात काहीच नाही."

शेजारच्या काकूंचा आक्षेप वेगळा होता. "गाडी घ्यायची, एवढा खर्च करायचा आणि घरी आलो हे चाळीत कळणारच नाही? मग फायदा काय?" हे मी ताबडतोब लिहून घेतलं. आमच्या कंपनीत आजवर कोणाला हे सुचलेलं नाही, आणि विक्रीच्या दृष्टीने ते अत्यंत गंभीर आहे.

आई तबक घेऊन आली. शत्रू असला तरी दारी आलेल्या नव्या गाडीला ओवाळायचं असतं. तिने बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, जरा दाबूनच. बाबांनी नारळ फोडला, पाणी चाकावर शिंपडलं आणि जाहीर केलं, "उद्या माहीमला हीच न्यायची. मी चालवणार."

रविवारी आम्ही नेहमीसारखे बसलो. आईने सवयीने चप्पल काढली, पाय पुढे सरकवले आणि तिचा चेहरा बदलला. पायाखाली कार्पेट होतं. नुसतं सपाट कार्पेट. कंपनीच्या गाडीला डाव्या बाजूला क्लच आणि ब्रेक कुठून असणार! हे मला सुचायला हवं होतं, पण मी भविष्य बघण्यात गुंतलेले असते. आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी बाबांना थांबवायला तोंड उघडलं, तोवर बाबांनी बटण दाबून, पाय टेकवून गाडी काढलीही होती.

गाडी लोण्यासारखी निघाली.

परळपर्यंत आई श्वास घेत होती की नाही मला माहीत नाही. तिचे पाय मात्र थांबले नव्हते. प्रत्येक सिग्नलला ती कार्पेट दाबत होती, सोडत होती, हाफवर आणत होती. हिंदमाताजवळ एक हातगाडी आडवी आली. बाबा रिवाजाप्रमाणे घाबरले आणि त्यांनी पाय उचलून घेतला. आईने डोळे मिटले. गाडी शहाण्यासारखी आपोआप मंदावली आणि हातगाडीच्या अलीकडे जवळपास थांबलीच.

हे आमच्या गाडीचं वैशिष्ट्य आहे. पाय उचलला की ती स्वतःच वेग कमी करते, आणि त्या वेळी थोडी वीज परत बॅटरीत जाते. मी हे कितीतरी स्लाइडवर लिहिलंय, पण ते कोणासाठी बनवलंय हे मला तेव्हा कळलं. बाबा घाबरले की वीज तयार होत होती. लालबागपासून दादरपर्यंत ते इतक्यांदा दचकले, की बॅटरी संपण्याची चिंताच उरली नाही. टिळक पुलाच्या चढावर ट्रॅफिक अडकलं. बाबांनी पाय बाजूला घेतला, गाडी होती तिथेच उभी राहिली, पुढचं वाहन हललं तशी हलली. ज्या जागेसाठी आईने हजारो लिंबं वापरली, ती जागा या गाडीने कारखान्यातच सोबत आणली होती.

"हलकी आसा गाडी," बाबा म्हणाले. "हातात मावता."

आत्याकडे त्यांनी रक्ताचा सिद्धांत पुन्हा सांगितला. परत येताना चैत्यभूमीच्या बाजूने, समुद्राची हवा खात, त्यांनी आईला अगदी प्रेमाने विचारलं, "तू कित्याक येतंस दर रविवारी? उगाच तुझो दिवस मोडता. पुढे मी एकटोच जाईन."

आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हो. जा ना."

सोमवारी मी साहेबांना सांगितलं की आपलं गिऱ्हाईक मला सापडलं. ज्यांना क्लच कधी जमला नाही, जमणार नाही आणि जमत नाही हे मान्यही होणार नाही, अशी सगळी माणसं आपली. साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी त्या गटाला इंग्रजीत एक भारदस्त नाव दिलं आणि दुपारपर्यंत त्याचे बाण काढले. कंपनीचं भवितव्य एकदम उजळलं, निदान त्या मजल्यावर. मला शाबासकी मिळाली. मला बरं वाटलं आणि आईचं फार वाईट वाटलं, दोन्ही एकाच वेळी, आणि कॅन्टीनच्या उपम्यावर दोन्हीचा परिणाम झाला नाही.

घरी आल्यावर आईने पाण्याचा तांब्या दिला, पण कशी आहे म्हणून विचारलं नाही. बाबा आठवडाभर रोज संध्याकाळी एकटे गाडी घेऊन वरळीला जात, दूध आणायला. दूध आमच्या चाळीच्या दारात मिळतं. ते गेले की आई गॅलरीत उभी राहायची आणि ते येईपर्यंत आत यायची नाही.

"इतकी वर्षं बाहेरच्या लोकांना शिकवून मोकळं केलं," ती मला म्हणाली. "हा एकच माझ्याकडे राहिला होता. त्यालाही तुमच्या गाडीने पास केलं." आणि मग कठड्यावर हात आपटून म्हणाली, "बंद करते मी शाळा. फलक उतरवायला माणूस बघ."

मी तिला समजावण्यासारखं काहीतरी बोलले. धंदे बदलतात, माणसंही बदलतात, वगैरे. साहेबांचंच वाक्य होतं. आईने ते कचऱ्यात टाकण्याच्या नजरेने माझ्याकडे पाहिलं.

शुक्रवारी गाडी कंपनीला परत गेली. रविवारी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, शाळेच्या गाडीची किल्ली बोटावर फिरवत आवारात उतरले. आई वरून म्हणाली, "अहो, थांबा, मी येते."

"कित्याक? आठवडोभर एकटोच हिंडलंय ना? चार चाकां हिका, चार तिका."

आता आमच्या आवाराबद्दल सांगायला हवं. रस्त्यावर वर्षानुवर्षं डांबरावर डांबर घालून रस्ता उंच झालाय आणि आवार खाली राहिलंय. बाहेर पडायला एक छोटा, पण खडा चढ आहे. रविवारची सकाळ, त्यामुळे गॅलऱ्या भरलेल्या, दात घासणारे, पेपर वाचणारे, कपडे वाळत घालणारे. बाबा गाडीत बसले. डावी सीट रिकामी. ती रिकामी सीट बघून पहिल्या मजल्यावरच्या एकाने ब्रश तोंडातून काढला.

गाडी सुरू झाली. उडी मारली. बंद पडली.

बाबांनी आरसा नीट केला. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी गाडी चढाच्या मध्यापर्यंत गेली, तिथे थरथरली, आणि मग सावकाश, भारदस्तपणे मागे यायला लागली. मागे जॉबर काकांच्या तुळशीची कुंडी होती. कुंडीने गाडी थांबवली. तुळस वाचली, कुंडी नाही. टपावरचा फलक तिरका झाला.

एरवी आमच्या चाळीत कोणाचं दूध नासलं तरी चर्चा होते, पण त्या दिवशी तिन्ही मजले माना खाली घालून पेपर वाचत होते. ज्यांच्या हातात पेपर नव्हता ते टॉवेल वाचत होते.

बाबा खाली उतरले. त्यांनी बॉनेटकडे पाहिलं, मग वाकून डाव्या बाजूच्या त्या दोन पट्ट्या पाहिल्या. क्लचची कडा घासून चकचकीत झाली होती. ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. आई तोवर जिना उतरून खाली आली होती, मी तिच्या मागे. बाबा सरळ झाले. मालवणीतच बोलले, पण आवाज पार बसला होता.

"मगे इतकी वर्सां गाडी कोण चालयत होता?"

मी बाबांना कधी रडताना पाहिलेलं नाही. त्या क्षणी बघावं लागेल असं वाटलं आणि मला इतकी भीती वाटली, की मी कुंडीचे तुकडे गोळा करायला लागले.

आई म्हणाली, "आपण दोघं."

बाबांनी किल्ली तिच्यासमोर धरली. तिने घेतली नाही.

"बसा," ती म्हणाली. "उजवीकडेच बसा. रडायचंय तर नंतर. बेल्ट लावा."

ती डावीकडे बसली. चप्पल काढली, आणि मग तिने दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले. पंगतीला बसावं तशी मांडी घालून बसली, पदर आवरून, बाबांना दिसेल अशी. तिला असं बसलेलं त्या गाडीत मी कधीच पाहिलं नव्हतं. "हं," ती म्हणाली. "दूध कधी तापवलंय का आयुष्यात?"

"नाही."

"मग साहेबापुढे उभे राहायचात ते आठवा."

गाडी त्या दिवशी माहीमला पोचली नाही. लालबागच्या नाक्यापर्यंत गेली आणि तिथेही मागच्या टॅक्सीवाल्यांनी बाबांच्या सगळ्या पूर्वजांची विचारपूस केली. आईने फलक सरळ करून घेतला, पण उतरवला नाही. बाबांचं नाव सकाळच्या बॅचमध्ये आहे. त्यांना पास केल्याशिवाय शाळा बंद करणार नाही, असं तिने चाळीत जाहीर केलंय. आमच्या कंपनीचं काय होईल, ते अजूनही मला छातीठोकपणे सांगता येत नाही. पण मी दोघांना रोज सकाळी गॅलरीतून बघते, आणि बाबांची प्रगती लक्षात घेता, आईच्या शाळेला फार मोठं भवितव्य आहे.